दुसरी ओळ

४ जानेवारी

एक्केचाळीस! सुट्टी होती म्हणून सकाळी चहा घेऊन बसले ती जेवणापर्यंत उठलेच नाही. एक्केचाळीस डुप्लिकेट प्रश्न बंद केले. मंडळावर आजवर एका दिवसात कुणीही केले नसतील.

हे म्हणाले, "एक दिवस मलाही बंद करशील. 'जेवायला काय आहे' — हा प्रश्न आधी विचारला गेला आहे, कृपया कालचं उत्तर पाहावं!"

हसा. पण घरदुरुस्तीच्या त्या ऑनलाइन मंडळावर रोज दीडशे प्रश्न येतात, आणि निम्मे तेच ते. नळ गळतो, फ्यूज उडतो, दार घासतं. आम्ही पाच मॉडरेटर नसतो तर नुसता उकिरडा झाला असता. आधी विचारलेला प्रश्न दिसला की बंद करायचा, जुन्या उत्तराची लिंक द्यायची, पुढे जायचं. लोक मला 'कात्री' म्हणतात. म्हणोत!

७ जानेवारी

आज बावीस. त्यातले नऊ गॅस गिझरची ज्योत पिवळी का होते म्हणून. सहा वर्षांपूर्वी मीच याचं उत्तर लिहून ठेवलंय — बर्नर कसा काढायचा, कुठला ब्रश, किती घासायचं. मंडळावर सगळ्यांत जास्त मतं त्यालाच आहेत. तरी विचारतात. लोक वाचतच नाहीत!

११ जानेवारी

मास्तरांनी माझा बंद केलेला प्रश्न उघडला. मला न विचारता!

मास्तर म्हणजे आमच्यातले सगळ्यांत जुने मॉडरेटर, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. प्रश्न तोच — ज्योत पिवळी. मी वीस सेकंदांत बंद केला होता. तणतणतच त्यांना लिहिलं, "हा डुप्लिकेट आहे हे तुम्हाला दिसलं नाही का?"

त्यांचं उत्तर एवढंच : "बाई, दुसरी ओळ वाचलीत का?"

नव्हती वाचली.

दुसरी ओळ अशी होती : 'आणि आंघोळ करून आला की मुलाला मळमळतं, काल तर दारातच बसला.'

मास्तरांनी त्या आईला तिथल्या तिथे लिहिलं होतं — गिझर आत्ता बंद करा, खिडक्या उघडा, मुलाला बाहेर न्या, डॉक्टर गाठा. संध्याकाळी तिचं उत्तर आलं. डॉक्टर म्हणाले, विषारी वायू अंगात गेलाय. अजून एखादी आंघोळ तशीच झाली असती तर सांगता येत नव्हतं. मुलगा सात वर्षांचा. आता बरा आहे.



१२ जानेवारी

गिझरच्या सर्व्हिस सेंटरला गेल्या गेल्या फोरमनकडे गेले. मी तिथे तक्रारी नोंदवून घ्यायला बसते, सोळा वर्षं झाली. गिझरबद्दल मला जे येतं ते सगळं त्यांच्याकडूनच ऐकून आलेलं. विचारलं, ज्योत पिवळी आणि डोकं दुखतं, मळमळतं, असं कुणी सांगितलं तर?

ते हातातला पाना तसाच धरून म्हणाले, "कुणाचा फोन आहे? आधी त्याला गिझर बंद करायला सांगा!"

"फोन नाही. असंच विचारते."

"असंच नका विचारू ताई. पिवळी ज्योत ही गिझरची तक्रार. डोकं दुखणं ही माणसाची. दोन्ही एकत्र आल्या की तो ब्रशचा प्रश्न राहत नाही. धूर बाहेर जात नसतो. त्या वायूला वास नाही की रंग नाही. माणूस बसल्या जागी जातो."

इतकं साधं! आणि माझ्या त्या गाजलेल्या उत्तरात याबद्दल अवाक्षर नाही.

दुपारभर एकच डोक्यात — असे किती बंद केले मी?

१४ जानेवारी

तीनशे बारा.

त्या एका उत्तराकडे बोट दाखवून मी बंद केलेले प्रश्न. काल आणि आज मिळून सगळे वाचले. शेवटच्या ओळीपर्यंत. बहुतेक साधेच आहेत, उत्तर त्यांना लागूही पडतं.

सात तसे नाहीत.

'डोकं जड होतं.' 'बायकोला चक्कर येते, तिला रक्त कमी आहे, पण तरी विचारतो.' 'पाळलेलं मांजर बाथरूमपाशी निपचित पडलं होतं.' मांजर! हे वाचूनही मी पुढे गेले. नाही — वाचलंच नाही.

सातवा दोन वर्षांपूर्वीचा. विचारणारीचं नाव 'झोपाळू'. 'ज्योत पिवळी दिसते. तीन दिवस आंघोळीनंतर डोकं ठणकतंय, ऑफिसात गेलं की थांबतं. काही संबंध असेल का?'

मी बंद केला. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा लिहिलं होतं — 'ते उत्तर वाचलं. बर्नर घासला. तरी पिवळीच. आणि डोक्याबद्दल त्यात काहीच नाही. कृपया प्रश्न उघडाल का?'

त्याच्याखाली माझं वाक्य आहे. माझंच!

'एकच प्रश्न दोनदा विचारल्याने उत्तर बदलत नाही.'

त्याला अकरा जणांनी पसंती दिली आहे. मला आठवतंय, मी तेव्हा खूश झाले होते.

त्या दिवसानंतर झोपाळू मंडळावर आलेली नाही.

१५ जानेवारी

यांना सगळं सांगितलं. जेवता जेवता हात थांबला त्यांचा.

"तू मुद्दाम केलंस का?"

"नाही."

"मग?"

"मग काय! दुसरी ओळ वाचली असती तर चार सेकंद लागले असते!"

वाटलं, जवळ येऊन पाठीवरून हात फिरवतील. नाही फिरवला. म्हणाले, "सातही जणांना लिही. आधी ते कर. रडायचं नंतर."

१६ जानेवारी

लिहिलं. मंडळाकडून पाठवलं की मेलवर जातं. माझ्या जुन्या उत्तरातही पहिली ओळ बदलली. ब्रशच्या आधी आता माणसाची चौकशी आहे.

१९ जानेवारी

पाच उत्तरं आली. एकाने घरच बदललंय. एकाने मिस्त्री बोलावून तेव्हाच दुरुस्त करून घेतलं होतं. चक्कर येणाऱ्या बाईंना खरंच रक्त कमी होतं — देवा! मांजरवाल्याने लिहिलंय, 'दोन वर्षांनी जाग आली का तुम्हाला? मांजर मेलं.' बरोबर आहे त्याचं. आणि एका बाईकडे अजून तोच गिझर, तशीच ज्योत! फोन करून तो तिच्याकडून बंद करून घेतला. दुपारी फोरमनने ओळखीचा माणूस पाठवला.

एकाचा मेल परत आला. तो पत्ताच आता चालत नाही.

राहिली झोपाळू.

२२ जानेवारी

झोपाळूच्या पत्त्यावरून उत्तर आलं. उघडताना बरंच वाटलं होतं मला. आहे तर, म्हटलं!

'नमस्कार. मी तिचा बाबा. माझी मुलगी दोन वर्षांपूर्वी गेली. सकाळी आंघोळीला गेली ती बाहेर आलीच नाही. दार तोडलं. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहून दिलं. सत्तावीस वर्षांची होती. तिचा मेल मी रोज उघडून बघतो, आता फक्त जाहिराती येतात. तुमचं पत्र पहिलंच. तिने काय विचारलं होतं? आणि कोणाला?'

खाली तारीख दिली आहे. माझ्या त्या वाक्यानंतर दोन दिवस.

ऑफिसात होते. समोर फोन वाजत होता. वाजू दिला.

२३ जानेवारी

तिच्या बाबांना आधी एवढंच विचारलं, तो गिझर चालू आहे का. नाही. त्या दिवसापासून त्या बाथरूमला बाहेरून कडी आहे, ते दुसरं वापरतात. घरी ते एकटेच.

मास्तरांशी आज पहिल्यांदा फोनवर बोलले. म्हणाले, "बाई, खात्री नाही तुम्हाला. दोन वर्षांनी कुठून होणार? म्हाताऱ्या माणसाला हे सांगून काय देणार तुम्ही?"

"आणि तुम्ही असता तर?"

"मला नका विचारू," म्हणाले.

घरी हे मात्र म्हणाले, "बापाने सरळ विचारलंय. सांगायचं तर सगळं सांग. स्वतःला वगळून सांगू नकोस."

२४ जानेवारी

सगळं पाठवलं. तिचा प्रश्न. तिची विनंती. माझं वाक्य, जसंच्या तसं. अकरा पसंत्याही लिहिल्या. पिवळी ज्योत आणि डोकेदुखी एकत्र म्हणजे काय, ते फोरमनच्या शब्दांत लिहिलं. 'खात्रीने सांगता येणार नाही, पण मला तसंच वाटतं,' असं लिहिलं. माझं खरं नाव, फोन, पत्ता. क्षमा मागितली नाही. कुठल्या तोंडाने मागू?

२५ जानेवारी

काही नाही.

२७ जानेवारी

काही नाही. फोन वाजला की उचलायच्या आधी नंबर बघते. तक्रार नोंदवणाऱ्या बाईला फोनची भीती — छान!

मॉडरेटरपद सोडते असं मंडळाला कळवलं. मास्तरांचा लगेच फोन. "सोडा खुशाल. पण उद्या हेच काम एखादी घाईची बाई करेल."

२८ जानेवारी

तीन प्रश्न पाहिले, दीड तासात. एकही बंद केला नाही. यांनी चहा आणून ठेवला.

३१ जानेवारी

झोपाळूच्या बाबांचं पत्र आलं.

'मिस्त्री आणून गिझर उतरवला. धूर बाहेर जाण्याच्या नळीत पक्ष्याचं घरटं निघालं, नळी पूर्ण बुजलेली. त्या सकाळी माझा मुलगा एका हरवलेल्या किल्लीवरून तिच्यावर ओरडला होता. ती रडत आत गेली. त्यानेच तिला मारलं असं मी त्याला तोंडावर म्हणालो, आणि मग दोन वर्षं बोललो नाही. काल त्याला फोन केला. तो निघाला आहे.'

पत्रात माझ्याबद्दल एक शब्दही नाही.