काळ्या टोकापलीकडून

ओकी बेट, १४ नोव्हेंबर

प्रिय इसामु,

यूको आणि तुमची छोटी नाओ बऱ्या आहेत ना? आईने मुळ्याचं लोणचं दिलंय, सोबत पाठवतेय. यंदा तिखट झालंय, तरी नावं ठेवू नकोस. फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय.

इकडे रेडिओ केंद्रात उन्हाळ्यापासून मजा आहे. सगळ्या बोटींना डिजिटल सेट बसले ना, तेव्हापासून कोळ्यांची थापेबाजी बंद! आवाजाचे आकडे होतात, आकड्यांची पाकिटं होतात आणि प्रत्येक पाकिटासोबत बोट कुठे आहे तेही येतं. "मी दक्षिणेच्या खडकाशी" म्हणून कुणी फेकली, तरी माझ्या पडद्यावर त्याचा ठिपका भलतीकडेच असतो. मी कुणाला सांगत नाही. कुणाच्या पोटावर पाय नको.

सगळ्यात मोठे थापाडे आपले बाबा. "दक्षिणेला आहे, बांगडा नुसता उड्या मारतोय!" आणि ठिपका रोज काळ्या टोकाच्या, त्या समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या, तोंडाशी. घरी मासळीची पेटी रिकामी. आई विचारते, "समुद्रावर झोपा काढायला जाता का?"

सप्टेंबरच्या वादळात टोकाआड तुझं इंजिन बंद पडलं, तुझी हाक मला मिळाली आणि मदतीची बोट गेली. नंतर धक्क्यावर तू सगळ्यांना सांगत होतास, "नवा सेट काय भारी आहे, डोंगराआडूनही पोचतो!"

नाही पोचत रे. कुणाचाच पोचत नाही. डिजिटलमध्ये खरखरसुद्धा येत नाही. सिग्नल कमी पडला की आवाज एकदम गुल.

पाकीट मध्ये कुणी झेलून पुढे पाठवलं, तर त्याचाही नंबर त्यावर येतो. याला रिपीटर म्हणतात. टोकाआडून आलेल्या तुझ्या प्रत्येक पाकिटावर, रोजच्या "ठीक आहे"वरसुद्धा, बाबांच्या बोटीचा नंबर आहे. सेट बसवणाऱ्याकडून त्यांनी मुद्दाम ती सोय करून घेतली. तू टोकाआड गेलास की ते तोंडाशी थांबतात, जिथून तूही दिसतोस आणि केंद्रही.

मी त्यांना पकडलंच एकदा.

"इसामुच्या मागे कशाला जाता?"

"मागे कोण जातंय? बांगडा तिकडेच असतो."

"मग पेटी रिकामी का?"

"बांगडा शहाणा झालाय. आणि त्याला सांगितलंस तर याद राख!"

"माझ्याशिवाय एक हंगाम टिकणार नाहीस," असं ते तुला बोलले, ते वाईटच होतं. तू वेगळी बोट घेतलीस, बरं केलंस. पण तू टिकावास म्हणून या म्हाताऱ्याने आपला हंगाम पाण्यात घातला आणि वर थापा मारल्या. मला त्यांचा इतका अभिमान वाटतो की पडद्यासमोर बसून रडू येतं.

बाबांना दिलेला शब्द मोडतेय, कारण आता उपाय नाही. त्यांना काचबिंदू आहे. डावा डोळा गेला. डॉक्टरांनी बोट बंद करायला सांगितलीय. रविवारी शेवटची फेरी.

सोमवारपासून टोकापलीकडे जाऊ नकोस. तिकडून तुझा आवाज येणार नाही, आणि रिकाम्या पडद्याकडे बघत बसायची माझी छाती नाही.

रविवारी मात्र जा. टोकाआड गेलास की मला हाक मार, आणि जे बोलायचंय ते बोल. ते आधी बाबांच्या बोटीवर ऐकू जाईल, मग माझ्याकडे येईल.

तुझं प्रत्येक "ठीक आहे" बाबांच्या हातून मिळालेली,
तुझी फुमिएताई