म्हस्कूच्या कमरेची घाटी

जोतीरामदादा,

मेंढरं घेऊन तू कोकणात कुठं हिंडतोस ठावं न्हाय, आन् मला लिवता येत न्हाय. म्हणून खुरपता खुरपता हे पत्र मनातच सांगते.

सणसरला कालव्याकाठी आमची वांगी हायेत. तुजा भाचा म्हस्कू आता चालाय लागलाय. बाजूच्या उसात शिरला की दिसतच न्हाय. म्हणून तू दिलेली मेंढीच्या गळ्यातली घाटी त्याच्या करदोट्याला बांधली. ती वाजत ऱ्हायली की माजं खुरपं चालतं.

आज घाटी थांबली. घाटी थांबली की लांडगा आला समजायचं, हे तूच शिकवलंस. मी हाका मारत पळाले. पोरगं कालव्याच्या कडेला, पाण्यात पाय सोडून बसलं हुतं. घाटीत चिखल कोंबत हुतं. मला बघून हसलं. मी आधी धपाटा घातला, मंग पोटाशी धरलं.

घाटी धुतली. आता ती वाजतीया, तरी मी सारखी उठून बघते. घरधनी म्हणत्यात, "उगंच भितीस."

दादा, लांडग्याला काठी तरी दाखवता येती. ह्या पाण्याला काय दाखवू?

तुजी भेदरलेली भन,
सारजा