माझा हात पोचेल अशी फळी

१७ डिसेंबर
आला! बॅग घेऊन आला. किल्ली अजून त्याच्याकडेच आहे, तरी बेल वाजवली. मी म्हटलं, "परवा आई-बाबांसमोर आपल्याच घराची बेल वाजवू नकोस म्हणजे मिळवली."

ऑगस्टात गेला हा. दुसरी कोणी नाही म्हणतो. "आता होत नाही गं," एवढंच. दुसरी असती तर बरं झालं असतं – शिव्या घालायला कुणीतरी मिळालं असतं! पण त्याच्या आई-बाबांची तिकिटं मे महिन्यातच काढलेली. नाताळच्या सुट्टीत लेकाचा परदेशातला संसार बघायला येणार. मीच हातापाया पडले – दोन आठवडे, फक्त दोन आठवडे नवरा हो, मग त्यांना काय सांगायचं ते सांग. आधी चक्क नाही म्हणाला. मग नोव्हेंबरात एकदम हो.

का हो म्हणाला असेल? रोज तेच चघळत बसते. उत्तर मला एकच आवडतं.

१९ डिसेंबर
आले! विमानतळावर आईंनी लेकाच्या आधी मला जवळ घेतलं. "वाळलीस गं." सासूबाईंना मी आईच म्हणते. म्हणायला दुसरी कोणी नाही. माझी मी सहावीत असतानाच गेली.

बाबा कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊन जमाना झाला, पण खिशात स्क्रू-ड्रायव्हर असतोच. तो विमानतळावर काढून घेतला म्हणून घरी येईपर्यंत धुसफुसत होते.

आईंनी माझ्यासाठी स्वेटर विणून आणलाय. हा म्हणाला, "आणि मला?" आई म्हणाल्या, "तुला काय कमी आहे?"

चहाच्या वेळी घोटाळा. चमच्यांसाठी याने नेमका चुकीचा खण उघडला! तो गेल्यावर मी सगळी मांडणी बदललेली. "अहो आई, मी कालच हलवलं सगळं," म्हणून वेळ मारून नेली. आई मान खाली घालून चहा पीत राहिल्या.

२० डिसेंबर
जमिनीवर गादी घालून झोपतो. सकाळी गुंडाळून पलंगाखाली. पाठ धरली म्हणतो. धरू दे!

२२ डिसेंबर
आज सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. आईंना कामावर घेऊन गेले. त्यांची कवळी टोचते म्हणत होत्या, आणि मी कवळ्याच तर बनवते. खुर्चीत बसल्या, कवळी काढून माझ्या हातावर ठेवली. लेकासमोर कधी काढत नाहीत. टोचत होतं तिथे खूण केली, मशिनवर घासलं, गुळगुळीत केलं. परत बसवून त्यांनी पावाची कड चावून बघितली. "गावातल्याला वर्षभर जमलं नाही बघ." मग म्हणाल्या, "ही पुन्हा टोचली तर कुणाकडे जाऊ मी?"

"माझ्याकडे. दुसऱ्याला हात लावू देऊ नका."

बोलून गेले खरी. कुठल्या तोंडाने बोलले? जानेवारीनंतर मी त्यांची कोण?

२३ डिसेंबर
बाबांनी छळ मांडलाय. नळ गळत होता. बाजारातून पाना आणला आणि माझ्या हातात दिला. "वायसर तू बदल, मी नुसता बघतो." तोंडावर पाण्याची चिळकांडी! घरात दोन बाप्ये, आणि नळाखाली मी! मग फ्यूज कसा बदलायचा. मग दाराला आतून साखळी. घरमालक ओरडेल म्हटलं, तर म्हणाले, "मी बोलतो त्याच्याशी." इथली भाषा येते का, तर एक शब्द नाही.

मग वरच्या फळीवरच्या तांदळाच्या डब्याकडे बोट. "तुझा हात पोचतो?"

"याचा पोचतो की."

संध्याकाळी बघते तर फळी हातभर खाली घेतलेली. रात्री ताटं घ्यायला गेला आणि याचं डोकं खाडकन आपटलं. आम्ही सगळे हसलो. बाबा सोडून.

२५ डिसेंबर
नाताळ. सगळं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, नुसते दिवे. दिवसभर मेंढीकोट. तो आणि मी भिडू. मी कुठलं पान टाकणार ते त्याला न सांगता कळत होतं! लागोपाठ दोनदा जिंकलो. त्याने टाळी द्यायला हात पुढे केला. दिली मी. आई आपल्या हातातली पानं सोडून माझ्याकडेच बघत होत्या.

आणखी एक. फोनवर दर वेळी 'गोड बातमी कधी' विचारणाऱ्या आईंनी या वेळी तो विषयच काढला नाही. सुटले! नाहीतर आणखी एक थाप मारावी लागली असती.

असं वाटतंय – लिहू का? – असं वाटतंय की राहील तो.

२९ डिसेंबर
ते दोघं फिरायला गेले होते. विचारलं. "राहशील?"

भांडी पुसत होता. पुसतच म्हणाला, "आपलं ठरलंय ना."

मला तो हवाय. लाज सोडून लिहिते – हवाय. आणि त्याच्याबरोबर हे दोघंही जाणार. नवरा काय, एकदाच गेला. आई माझी दुसऱ्यांदा जाणार.

२ जानेवारी
गेले. बाबांनी निघताना पाना माझ्याकडे दिला. "विमानात नेऊ देत नाहीत. राहू दे तुला." आई माझे गाल धरून म्हणाल्या, "सुट्टी मिळाली की ये. त्याच्या सुट्टीसाठी थांबू नकोस." बिचाऱ्या! इतकं फसवलं आम्ही त्यांना. शरमेने मान वर होईना.

परतताना बसमध्ये शेजारी बसला होता. त्याचा थांबा आला. "बॅग नंतर नेतो," म्हणाला आणि उतरला. घरी येऊन आईंनी आवरून ठेवलेल्या पलंगावर तशीच पडून पोटभर रडले.

५ जानेवारी
बॅग न्यायला आला. किल्ली टेबलावर ठेवली. मी विचारलं, "त्यांना कधी सांगणार आहेस?"

बुटाची नाडी बांधता बांधता थांबला. "ऑक्टोबरातच सांगितलं. तू काय म्हणतेस तेही सांगितलं. तिकिटं रद्द करतो म्हटलं, तर आई म्हणाली, रद्द कशाला? आम्ही तिच्याकडे जातोय. ती म्हणते तसं वाग, आणि आम्हाला माहीत आहे हे तिला कळू देऊ नकोस."

तो गेला. साखळी लावली. तांदळाचा डबा काढला. हात पोचला.