पुसलेली भिंत

२ मार्च
नोकरी लागली आणि राहायची सोयही झाली! ताईनं, माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीनं, तिच्या घरातली मागची खोली मला दिली. भावजी वर्षातले दहा महिने बोटीवर, त्यामुळे घरात ताई, पाच वर्षांची चिमणी आणि आता मी. चिमणीनं आल्या आल्या माझी बॅग उचकटली. मी तिच्या हातात फडकं दिलं आणि दोघींनी मिळून कपाट पुसून काढलं. ताई म्हणाली, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. नाही तर नाही. धूळ मला बघवत नाही.

३ मार्च
काम भारी आहे. वरच्या मजल्यावर, चार दारांच्या आत, अंगभर पोशाख चढवलेली माणसं एका भयंकर तापाचे जंतू वाढवतात. त्या कुप्या गोठवून, डब्यात बंद करून खाली माझ्याकडे येतात. माझ्याकडे शिशाचं एक धूड आहे, तिजोरीसारखं, आणि त्याच्या पोटात किरण सोडणारा कोबाल्ट. डबा आत ठेवायचा, दार लावायचं, किरणांनी जंतू मरतात. मेलेले जंतू पुढे ताईच्या प्रयोगशाळेत जातात, रक्ततपासणीच्या कामाला. तिथे साध्या हातमोज्यांवर भागतं. मेलेल्याला कोण भितं? आता ताईला माल पुरवणार मी, धाकटी. दोघी पोट धरून हसलो.

४ मार्च
माझ्या आधी इथे एक आजोबा होते, गेल्या महिन्यात निवृत्त झाले. माणूस भला असेल, पण खोलीचा नुसता उकिरडा. यंत्राशेजारच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलीनं आकडे खरडलेले, खोडलेले, पुन्हा खरडलेले. ओलं फडकं घेतलं आणि तासाभरात भिंत लख्ख केली. कपाटामागे छान छापील तक्ता पडला होता, तो तिथे टांगला. प्रत्येक डब्याला चार तास. साहेब बघून खूश झाले.

६ मार्च
म्हणे आजोबांचा एका डब्यात अख्खा दिवस जायचा. माझा जेवणाआधी तयार! डब्यावरचं पिवळं लेबल किरण लागले की लाल होतं. माझं लालभडक झालं. दर खेपेतली एक कुपी पंधरा दिवस उबेत ठेवतात, काही उगवतं का बघायला. साहेब म्हणाले, आजवर कधी उगवलेलं नाही, निकालासाठी कशाला खोळंबायचं. पाठवून दिला माल.

१७ मार्च
ताईला ताप आहे. दगदग झाली म्हणते. चिमणी तिच्या कुशीतून हलत नाही, कितीही ओरडा.

१९ मार्च
ताईचे डोळे लाल. दात घासताना हिरड्यांतून रक्त, थांबेचना. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कामावर काय हाताळता. ती म्हणाली, मेलेलंच सगळं.

२१ मार्च
उबेतली कुपी गढूळ झाली आहे. गढूळ म्हणजे जिवंत.
तक्त्याच्या कोपऱ्यात बारीक तारीख आहे. सहा वर्षांपूर्वीची, यंत्र बसवलं त्या दिवसाची. आधी मला दिसलीच नव्हती.
आजोबांना फोन केला. भिंतीचं सांगितलं.
"पोरी, कोबाल्टही म्हातारा होतो, माझ्यासारखाच. दर महिन्याला त्याला थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. तेवढंच मी भिंतीवर लिहीत होतो."
लेबलाचं विचारलं. ते जराशा किरणांनीही लाल होतं म्हणाले. शेवटचा आकडा पावणेनऊ तासांचा होता.
मी चार दिले. अतिशहाणी मी. माझ्या हातानं, माझ्या ताईला.

२२ मार्च
तपासनीस आले होते. घराबाहेर पडायचं नाही, माझा आणि चिमणीचा ताप रोज मोजून कळवायचा. ताईशी मी फोनवरच बोलले. सगळं सांगितलं तिला, भिंत, तक्ता, सगळं. तिनं एवढंच विचारलं, चिमणी कुठे निजते. माझ्याजवळ, म्हटलं.

२३ मार्च
ताई गेली. सकाळी दहाला. चिमणीला कसं सांगू—
कड्या पुसतेय. दिव्यांची बटणं. खुर्च्या. पुन्हा कड्या. चिमणी मागे मागे, तिचं छोटं फडकं घेऊन.

२४ मार्च
अंग फणफणलंय. आरशात डोळे—
कळवलं. गाडी तासाभरात येते म्हणाले. चिमणीला बाहेरच्या खोलीत ठेवून आतून कडी लावली. सकाळी मोजला, तिला ताप नव्हता. ती तेवढी वाचू दे. ताईचं एवढंच उरलंय.

दारावर टकटक करतेय. नको म्हटलं तरी—

"मावशी, माझ्या नाकातून लाल आलं. मी रडले नाही. तुझ्यासारखं फडक्यानं पुसून टाकलं. आता काहीच दिसत नाही."

कडी काढते—