तिबोची जर्सी

गोदेलीव,

झोपेच्या गोळीने का होईना, तुझा डोळा लागलाय, म्हणून उठवलं नाही. कॉफी थर्मासमध्ये आहे. पेपर शोधत बसू नकोस. त्यात तिबोचा फोटो आलाय, तो मी कोटाखाली कोंबून नेतोय.

अंत्यविधीवाल्याला पोराचे कपडे दुपारच्या आत हवेत. सूट कपाटातच राहू दे. मी ती निळी जर्सी नेतोय, तीनशे युरोंची, जिच्यावरून मी महिनाभर त्याचं डोकं खाल्लं. "आम्ही थंडीत छातीशी वर्तमानपत्र कोंबून सायकलच्या शर्यती मारल्या, आणि या राजपुत्राला रेशीम हवंय!" तू मला गप्प बसा म्हणालीस. मी बसलो नाही.

काल अँब्युलन्सवाला भेटला. शर्यतीत सायकलवरून पडला त्या फरसबंदीच्या उतारावरून उचललं तेव्हा तिबो शुद्धीवर होता म्हणे. याने जर्सी कापायला कात्री काढली, तर तिबोने त्याचं मनगटच धरलं. "कापू नका हो, बाबा ओरडतील." मग त्यांनी ती अंगातून अलगद सोडवली, मोडलेल्या हातावरून. त्यात किती वेळ गेला, ते मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

पहाटे मी ती गार पाण्यात हाताने धुतली, तो तुला बजावायचा तशी. रक्त निघालं. कुठे एक टाका उसवलेला नाही. माल चोख होता, गोदेलीव. मीच उगाच ओरडलो.

वानेस