शनिवारचं पुडिंग आणि सीलबंद ओव्हन

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तो वाकून केला आहे असं समजून घ्यावं. प्रत्यक्षात गुडघा धरल्यामुळे खुर्चीत बसूनच लिहितो आहे. तुझा रक्तदाब कसा आहे, भावोजींची नवी कवळी बसली का, गच्चीतल्या कुंड्यांना पाणी कोण घालतं, हे सगळं विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतो. (उत्तरं मला ठाऊक आहेत. कशी, ते पुढे येईल. भावोजींवर लगेच डोळे वटारू नकोस.) तू अकरा महिन्यांत माझा एकही फोन उचलला नाहीस. पत्राचं बरं असतं, ते उचलेपर्यंत थांबतं. पाकिटावरचा पत्ता हिच्या अक्षरात घातला आहे, कारण माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न फोडताच एखाद्या कुंडीखाली सरकवलं असतंस. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच, ताज्या कलमांसकट.

इकडे सर्व ठीक, असं लिहायला घेतलं आणि हात थांबला. इकडे सर्व ठीक नाही. आई गेल्यावर तिचा ओव्हन माझ्याकडे आला, हे तुला माहीतच आहे. तो ओव्हन दर शनिवारी दुपारी चार वाजता गरम होतो. कोणी चालू करत नाही, आणि प्लगही जोडलेला नसतो. पण मी पहिल्यापासून सांगतो, कारण मधूनच सुरुवात केली की तू लहानपणापासून वैतागतेस.

तर झालं असं की, हिने कुठल्याशा मासिकातून ‘शनिवार-रविवारचे घरगुती गोड बेत’ असं एक पान कापून फ्रिजवर चिकटवलं. त्यात केक होते, कस्टर्ड होतं, तीन प्रकारची बिस्किटं होती आणि एक हसरं कुटुंब होतं. आमचं कुटुंब शनिवारी दुपारी तीन खोल्यांत तीन दिशांना तोंडं करून बसलेलं असतं (मी, ही आणि आमची चौदा वर्षांची शहाणी, ती वागते तशीच, म्हणून हे नाव). मी म्हटलं, परक्यांचे बेत कशाला, आईची वही आहे ना घरात! आपण शनिवारचं पुडिंग करू. आठवड्याचा उरलेला पाव, दूध, अंडी, लोणी, साखर, वरून किसलेली संत्र्याची साल. त्यात अवघड ते काय?

वही उघडली आणि माझे डोळे पांढरे झाले. आईने लिहिलं आहे, ‘साखर पाऊण कप, पाहुणे आले तर एक. दूध तड्यापर्यंत, दोनदा. फार फेटू नये. (धाकटा फेटत असेल तर त्याला उठवून थोरलीला बसवावे.) वास येईपर्यंत भाजावे.’ संपलं. ना तापमान, ना मिनिटं. आणि कप म्हणजे कुठला, तर तो निळ्या काठाचा, कान तुटलेला, आडवा तडा गेलेला. म्हणजे वाटणीत तुझ्याकडे गेलेला. वही माझ्याकडे, कप तुझ्याकडे.

आता मी वजनमापं खात्यातला निरीक्षक. सव्वीस वर्षं लोकांचे तराजू आणि लिटरची मापं तपासण्यात गेली. मी दुकानात शिरलो की भलेभले घाम पुसतात. अशा माणसाला एका कपाचं माप काढता येऊ नये? माझ्या आठव्या वाढदिवसाचा फोटो काढला. त्यात तो कप तुझ्या हातात आहे. तुझ्या नाकाच्या लांबीवरून कपाची उंची काढली, उंचीवरून घेर, घेरावरून माप. (नाक मी जरा लांबच धरलं. राग मानू नकोस, हिशेबाला सोयीचं होतं.) पहिल्या शनिवारी पुडिंग भांड्यातून सुटेना, तेव्हा ही म्हणाली भांड्यासकट कापा. दुसऱ्या शनिवारी शहाणीने ते पेल्यात ओतून घेतलं. तिसऱ्या शनिवारचं अजून बाल्कनीच्या दाराला अडकण म्हणून लावलेलं आहे आणि उत्तम काम देतं आहे. सहाव्या शनिवारी मी हात टेकले. प्लग काढला, वायर गुंडाळून ओव्हनवर ठेवली, त्यावर आईचाच जुना टेबलक्लॉथ घातला आणि म्हटलं, आता पुरे.

सातव्या शनिवारी चार वाजता मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो आणि वास आला. ताई, तोच वास. आधी लोणी, मग करपायच्या बेतात आलेली साखर आणि शेवटी संत्र्याची साल. मला वाटलं हिने गुपचूप केलं. हिला वाटलं मी केलं. (माझ्याबद्दल तिचं इतकं चांगलं मत प्रथमच कळलं.) शहाणी कानातली बोंडं काढून दारात आली आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही दोघंही इथे आहात, मग आत कोण फेटतंय?” तेव्हा आम्हाला ऐकू आलं. काटा भांड्यावर आपटून झटकतात तसा आवाज. टक, टक, टक आणि थांबणं. पुन्हा टक, टक, टक. आई तीनदाच झटकायची, आठवतं? चौथ्यांदा झटकलं की मिश्रण खाली बसतं म्हणायची. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि आवाज बंद पडला. टेबलक्लॉथ घडी घालून बाजूला ठेवलेला होता, चौपट, काठ आत. मी ओव्हनच्या दारावर हात ठेवला आणि पटकन मागे घेतला. चांगला तापलेला होता. आत काहीही नव्हतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं, आणि त्याच वेळी तोंडाला पाणीही सुटलं होतं, हे तुला म्हणून सांगतो.

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. त्यात वरच्या मजल्यावरचे शिंपीकाका वासाने खाली उतरले, तेही वाटी आणि चमचा घेऊन. पुडिंग नाही म्हटल्यावर ते दारातूनच स्वयंपाकघराकडे मान लांब करून बघत राहिले. आता ते येतात दर शनिवारी, चार वाजून वीस मिनिटांनी, रिकामी वाटी घेऊन, आणि तशीच परत नेतात. जिन्यात भेटले तर बोलत नाहीत. इमारतीत आम्ही आता दारं लावून गोडधोड खाणारे लोक म्हणून ओळखले जातो.

हिची मात्र कमाल आहे. मी घाबरून अर्धमेला झालेला, आणि ही चार वाजायला पाच कमी असताना ओटा पुसून मोकळा करून देते. मागच्या वेळी मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, रिकाम्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणत होती, “सासूबाई, खालच्या कपाटाचं दार निखळलंय, जपून हं.” मी विचारलं, तुला भीती नाही वाटत? तर म्हणाली की, पंधरा वर्षं त्यांनी मला त्या ओट्याजवळ उभं राहू दिलं नाही, आता त्यांच्यात आणि माझ्यात नवीन असं काय झालंय?

पण मी निरीक्षक माणूस. पाचव्या खेपेला मी कार्यालयातून शिशाची सीलं, तार आणि पक्कड आणली. ओव्हनच्या मुठीतून तार ओवली, पीळ दिला, सील दाबलं, क्रमांक टिपला. खाली नियमाप्रमाणे चिठ्ठी बांधली. चिठ्ठीवर दोन सह्या लागतात, एक आमची आणि एक दुसऱ्या पक्षाची, कारण सील तोडायचं ते दोघांच्या समक्षच तोडायचं असतं. मी सही केली आणि चिठ्ठी हिच्यापुढे धरली. ही म्हणाली, “माझा काय संबंध? ज्यांच्या आईचा ओव्हन त्यांच्या सह्या घ्या.” ती जागा कोरी राहिली. मागच्या शनिवारी चार वाजता काचेतून पाहिलं. (छोटी काच आहे ना दाराला, जिला नाक लावून आपण दोघं बसायचो.) आतला दिवा लागलेला होता. सील शाबूत, तार शाबूत, प्लग माझ्या हातात. मी तिथेच फरशीवर बसलो. गुडघा त्याच वेळी गेला, तो अजून परत आलेला नाही.

आणि मंगळवारी भावोजींचा फोन आला. (तू भाजी आणायला गेली होतीस. त्यांनी तो बाथरूममधून केला, नळ सोडून. त्यांना खरंच रागावू नकोस, ते तुझ्या काळजीनं बोलले.) ते म्हणाले, तू दर शनिवारी दुपारी पुडिंग करायला घेतेस. आईचा कप काढतेस, तड्यापर्यंत दूध मोजतेस, काटा तीनदा झटकतेस आणि चारला ओव्हनमध्ये ठेवतेस. आणि ते होत नाही. दोन तास गेले तरी दूध दुधाच्या जागी आणि पाव पावाच्या जागी. भांडं गार. वास तर नावालाही नाही. दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला, त्याला काही सापडलं नाही, आणि रविवारी त्याच ओव्हनमध्ये बिस्किटं खुसखुशीत होतात. मग तू संध्याकाळपर्यंत ओव्हनसमोर स्टूल टाकून बसतेस आणि त्यांना आत येऊ देत नाहीस. भावोजी म्हणाले, मागच्या शनिवारी ती रडत होती. मग बहुतेक तू आलीस, कारण नळ बंद झाला.

फोन ठेवला आणि माझा हिशेब लागला. तुझ्याकडे ठेवलेलं पुडिंग माझ्याकडे भाजलं जात होतं. ऊब इथे, वास इथे, आणि कच्चं भांडं तिथे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही हे तू जाणतेस. पण आपली आई हट्टाला पेटली की काय करायची, हेही मी जाणतो. एक खेळणं दोघांनी भांडून तोडलं की ती एकाला चाकं द्यायची, दुसऱ्याला गाडी, आणि आपण जवळ येईपर्यंत एकाशीही बोलायची नाही.

आज शनिवार आहे, दुपारचे दोन वाजले आहेत. तुझ्याशिवाय हे घर गेल्या अकरा महिन्यांत फार मोठं वाटू लागलं आहे. भावोजींना नमस्कार, त्यांच्या कवळीला शुभेच्छा. हिचा तुला नमस्कार आणि शहाणीचा तिच्या पद्धतीचा, म्हणजे हात हलवून.

तुझा,
फार फेटणारा
धाकटा

ता. क. १ : वरचं सगळं लिहायचं कारण इतकंच की मला तो कप हवा आहे. पार्सलने पाठवू नकोस, वाटेत फुटेल. तू स्वतः घेऊन ये.

ता. क. २ : हिने पत्र वाचलं आणि म्हणाली, नाकापासून गुडघ्यापर्यंत सगळं लिहिलंत आणि खरी गोष्ट तेवढी गाळलीत. तर ती लिहितो. वाटणीच्या दिवशी मी दोन रकान्यांची यादी केली आणि तुला म्हटलं, ‘कप, एक नग, तडा गेलेला, मिळाला’ याच्यापुढे सही कर. तू माझ्याकडे बघितलंस, सही केलीस आणि चहा न घेता गेलीस. आईच्या कपाची पोच मी तुझ्याकडून लिहून घेतली, ताई. मला वाटलं मी व्यवस्थित वागतो आहे. माझं चुकलं. ती यादी मी आज फाडली.

ता. क. ३ : चार वाजून पंचवीस मिनिटं. पाकीट बंद करणार इतक्यात वास आला. सील तसंच आहे, मी दोनदा पाहिलं. काचेवर आतून वाफ धरली होती, ती आत्ता निवळली. जाळीवर पुडिंग नाही. कप आहे. निळा काठ, तुटलेला कान, आणि तड्यापर्यंत दूध. माझ्या शेजारी ही आणि शहाणी उभ्या आहेत. शिंपीकाकासुद्धा वाटी खाली ठेवून उभे आहेत. हे वाचशील तेव्हा ऊठ आणि कपाट उघडून बघ. कप जागेवर असला तर घेऊन ये, नसला तर रिकाम्या हाताने ये. सील मी एकटा तोडणार नाही. दुसरा पक्ष समोर लागतो, आणि तो तू आहेस. सही करायची नाही. नुसती माझ्या शेजारी उभी राहा.