लाईट-पाणी अलग

२ फेब्रुवारी, रविवार
सामान लागलं. दोन खोल्या, मोरी, गॅलरीत एक खुर्ची मावते. आधी बाबांचं घर, मग कॉन्व्हेंटचं वसतिगृह, मग वणीला खाणीचं क्वार्टर. हे गेल्यावर तेही सोडावं लागलं. भाड्याचं घर माझ्या नावावर, पासष्टीला, पहिल्यांदाच.

घरमालकीण वंदनाबाई खालीच राहतात. भाडं साडेचार हजार. "लाईट-पानी अलग," म्हणाल्या. मला फार बरं वाटलं. आपला वेगळा मीटर, वेगळा नळ, कुणाशी वाटावाटी नाही. दारव्ह्याला ताईला फोन करून तेच कौतुकाने सांगितलं. ती नुसती हं म्हणाली. दुसरी खोली तिच्यासाठी घेतली आहे, हे मात्र बोलता आलं नाही.

४ मार्च, मंगळवार
वंदनाबाई चिठ्ठी घेऊन आल्या. लाईट आठशे वीस, पाणी दीडशे. मी म्हटलं, तुम्ही तर अलग म्हणाला होता. त्या गोंधळल्या. "अलगच तर आहे मॅडम. भाड्यात कुठं धरलं?"

मग त्यांना हसू आलं, मागून मलाही.

तीस वर्षं क्वार्टरमध्ये लाईट-पाण्याची चिठ्ठी पाहिली नव्हती. यांच्या पगारातून काय कापलं जायचं ते यांनाच ठाऊक. भर दुपारीसुद्धा अख्ख्या कॉलनीचे व्हरांड्यातले दिवे जळत असायचे. ती सवय मी इथे घेऊन आले, आठशे वीस त्याचेच.

संध्याकाळी ताईला सांगितलं. "अलग म्हंजे भाड्याच्या वर, येडे. मले वाटलं तुले समजलं असंन. कॉन्व्हेंटात हे नाही शिकवलं काय?"

९ मार्च, रविवार
वहीची दोन पानं फाडली. भाडं. लाईट. पाणी माणशी दीडशे, म्हणजे दोघींचे तीनशे. मोटारीचा खर्च त्यातच. गॅस एकटीला दोन महिने जातो, दोघींना? जिना झाडणारीचे शंभर. उन्हाळ्यात टँकर आला तर तो वेगळा, सगळ्या भाडेकरूंत वाटून. कूलरचं विचारलं तर व.बाई म्हणाल्या, "कूलर लाईटही पेते न् पानीही पेते."

पेन्शन एकटीपुरती बरी आहे. दोघींचंही बसतं, पण औषधं धरली की...

१६ मार्च, रविवार
दारव्ह्याला जाऊन आले. ताईच्या घरी वाईट कुणी नाही, हे आधी लिहिलं पाहिजे. भाचा संजय भला आहे, सूनही. पण ताईची खाट आधी हॉलमध्ये होती, मग आतल्या खोलीत, आता मागच्या पडवीत, सोयाबीनच्या पोत्यांजवळ. कुणी ढकलली नाही. सरकत गेली. विचारलं तर म्हणे, इथं हवा येते.

परत येताना बसमध्ये वसतिगृहाचे भेटीचे रविवार आठवले. ताईचं नुकतंच लग्न झालं होतं. तरी एस.टी. बदलत यायची, डब्यात तिळाचे लाडू. सिस्टर अर्धा तास देत, ती त्यातली पंचवीस मिनिटं माझे केस विंचरण्यात घालवायची. सातवीत तिची शाळा सुटली. माझी सुटू नये म्हणून ती बाबांशी चार दिवस बोलली नव्हती. हे मला कुणी सांगितलं? तिने नाही.

३ एप्रिल, गुरुवार
चिठ्ठी आली. लाईट पाचशे चाळीस. दिवे बंद करायला शिकले. व.बाईंनी विचारलं, गावाला गेल्या होत्या काय मॅडम?

लगेच फोन. उन्हाळाभर ये म्हटलं. "तुह्या खर्चात कायले येऊ मी," ताई. मी आकडे वाचून दाखवले. ती ऐकत राहिली. शेवटी, बरं, पंधरा दिस.

१५ एप्रिल, मंगळवार
संजय ताईला इथे सोडून गेला. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी न्यायला येतो म्हणाला. काल जयंती, व.बाईंकडून आलेली खीर तिच्यासाठी ठेवली होती. दोन वाट्या खाल्ल्या तिने.

२१ एप्रिल, सोमवार
मी खोलीतून बाहेर पडले की ताई कूलर बंद करते. आज वर्तमानपत्राने वारा घेताना सापडली, केस कपाळाला चिकटलेले. मी बटण दाबलं. पाणी प्यायला गेले, पुन्हा बंद.

चिडले. म्हटलं, असं वागायला तू काय पाहुणी आहेस?

"मंग काय हाव मी?"

मी पुन्हा बटण दाबलं. दुपारभर कूलर चालू.

२८ एप्रिल, सोमवार
नळ चौथ्या दिवशी येतो, पहाटे. आज मला जाग आली तेव्हा दोन्ही ड्रम भरलेले, कळशीसुद्धा. ताई स्टुलावर बसून पदराने हात पुसत होती. मला का उठवलं नाहीस, विचारलं. "तुले झोप लागली होती," एवढंच. लहानपणीही हेच कारण असायचं तिचं.

तिला दुपारी म्हणणार होते, इथेच राहा. म्हटलं नाही. ती हो म्हणाली तर संजयला काय वाटेल, नाही म्हणाली तर मला.

२ मे, शुक्रवार
आजही पाणी तिनेच भरलं.

अकराच्या सुमारास व.बाई चिठ्ठी लिहायला वर आल्या. लाईट हजाराच्या वर, कूलर. पाण्यापाशी त्यांचं पेन थांबलं. "मावशी पाहुन्याच आहे ना? मंग एकच मानूस धरतो. पाहुन्याचं पानी आम्ही घेत नाही." चांगुलपणानेच म्हणाल्या. दीडशे वाचत होते, आणि माझ्या तोंडून हो निघेना. एकटीच आहे असं कागदावर यायला नको होतं. पण दोन लिहा म्हणणं माझ्या हातात नव्हतं.

ताई गवारीच्या शेंगा मोडत होती. मान वर केली नाही.

"सकाळी उठून पानी कोन भरून राह्यलं? मी. पाहुनं पानी भरते काय, बाई?"

व.बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग एकाचे दोन केले.

त्या गेल्यावर मी चिठ्ठी वहीत ठेवली. परवा रविवार, संजय तिला न्यायला येणार.

"आता नळ कवा?"

मंगळवारी, म्हटलं.

"तवापर्यंत मोठा ड्रम घासून ठेवा लागन," म्हणाली, आणि उरलेल्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या.